घरातली ध्वनियंत्रं, लहान मुलं आणि मांजर



आजच्या विषयाची पाटी वाचून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने काल फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही आयुष्यभर आम्हाला कांट शिकवलात, आणि आता मांजराने स्पीकर ओरबाडला तर काय करावं यावर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो, बोलणार. कांटवर बोलणारे पुष्कळ आहेत, यावर कोणी बोलत नाही.

या विषयाचं निमित्त मात्र खरं आहे. मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. साठीच्या पुढचे. निवृत्तीनंतर त्यांनी माळ्यावरच्या जुन्या एलपी खाली काढल्या, नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला, आणि पंधरा दिवसांत चार वर्षांच्या नातवाने त्याची पिन मोडली. त्यांनी नातवाला धपाटा घातला. सुनेला ते आवडलं नाही. घरात दोन दिवस अबोला. ते आम्हाला विचारत होते, "चूक कोणाची?" नीतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून विचारत होते बहुधा. आम्ही त्यांना त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण तेच आमच्याही घरात घडून गेलं होतं आणि आमचं वागणं काही फारसं बरं नव्हतं. तर त्यांच्यासाठी आणि आमच्यासाठी आज हे बोलू.

आपल्या पिढीच्या डोक्यात या बाबतीत एक चित्र पक्कं बसलेलं आहे. कर्ण्यासमोर मान वाकडी करून शांत बसलेला पांढरा कुत्रा. एचएमव्हीचा कुत्रा म्हणूनच आपण तो ओळखतो. त्याचं नाव निपर. हा खरा कुत्रा होता, इंग्लंडमधला, आणि त्याचा मालक वारल्यावर तो मालकाच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराकडे आला. निपर १८९५ मध्ये मेला, आणि चित्र त्यानंतर काढलेलं आहे. पहिल्या चित्रात ग्रामोफोनही नव्हता, मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना अट घातली की आमचं यंत्र रंगवून द्या. त्याने फोनोग्राफवर रंग चढवून वर ग्रामोफोन काढला. म्हणजे बघा, ज्या कुत्र्याला आपण यंत्राजवळच्या शिस्तीचा आदर्श समजतो, त्या कुत्र्याने ते यंत्र कधी पाहिलंच नव्हतं. आणि निपर या नावाचा अर्थच चावे घेणारा! येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला तो चावे घेई म्हणून ते नाव पडलं. खऱ्या निपरला त्या कर्ण्यासमोर सोडला असता तर पाच मिनिटांत काय झालं असतं ते ज्यांच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आहे त्यांना सांगायला नको.

तर आता यंत्राकडे वळू. नाजूक म्हणजे नेमकं काय नाजूक?

रेकॉर्ड प्लेअरमध्ये सगळ्यात नाजूक ती पिन. पिन म्हणतो आपण, पण खरं तर एक केसासारखी बारीक दांडी असते, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्या टोकाला हिऱ्याचा कण बसवलेला असतो. साध्या गोल पिनेच्या टोकाची त्रिज्या साधारण अठरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागही नाही. हे टोक रेकॉर्डवर दीड ते अडीच ग्रॅम वजनाने टेकलेलं असावं अशी रचना असते. जुन्या सुटकेसमधल्या प्लेअरला चार-पाच ग्रॅम चालायचे. आता दोन ग्रॅम म्हणजे किती? चार-पाच शेंगदाणे तळहातावर घ्या, तेवढं. आणि लहान मुलाचं बोट किती जोराने दाबतं? कितीतरी पट. म्हणजे मूल "मोडत" नसतं, ते नुसतं "हात लावत" असतं. त्याच्या दृष्टीने त्याने काही केलेलंच नसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी नाजूक गोष्ट स्पीकरचा पडदा. मोठा वूफर कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा असतो, त्याच्या मध्यावर एक फुगीर टोपी असते. त्याच्या वर लहान ट्वीटर, त्याला इंचभर व्यासाचा घुमट. हा घुमट रेशमासारख्या कापडाचा किंवा मग अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम अशा धातूच्या अतिशय पातळ पत्र्याचा. आता असं बघा, गोल, फुगीर, मऊ, काळीभोर वस्तू, आणि तीही दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर. बटण नव्हे तर काय ते? ज्याने कोणी स्पीकरची रचना केली त्याने नकळत जगातलं सर्वात आकर्षक बटण तयार केलं. मूल ते दाबणारच. न दाबणाऱ्या मुलाची आम्हाला काळजी वाटेल.

आमच्या नातीने ते दाबलं. अडीच वर्षांची होती. वरची जाळी आम्हीच काढून ठेवली होती, कारण जाळी काढल्यावर आवाज अधिक मोकळा येतो असं कुठेतरी वाचलं होतं. तिने आधी डावीकडचा घुमट आत दाबला. तो आत जाताना बोटाला काहीतरी छान लागलं असावं, कारण मग ती चालत उजवीकडे गेली आणि तोही दाबला. आम्ही स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तर ती दोन्ही स्पीकरच्या मधे उभी, अगदी प्रसन्न. आम्ही ओरडलो. ओरडलो म्हणजे, आमच्या सौ. म्हणतात की इतका आवाज त्या स्पीकरमधूनही कधी आला नव्हता.

घुमट कापडाचे होते म्हणून वाचले. कापडी घुमट आत गेला तर चिकटपट्टीचा तुकडा हलक्या हाताने टेकवून ओढला की तो बहुतेक वेळा बाहेर येतो. घाई करायची नाही, आणि टोकदार काही वापरायचं नाही. एक पूर्ण बाहेर आला, दुसऱ्यावर एक सुरकुती राहिली ती आजही आहे. धातूचा घुमट असता तर हा उपाय बहुधा चालला नसता, धातूला पडलेली घडी जात नाही, ट्वीटर बदलावा लागतो. पण गंमत पुढेच आहे. ती सुरकुती असलेला स्पीकर आणि धड स्पीकर यांतला फरक आम्हाला ऐकू येत नाही. येणारच नाही! सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांच्या कानांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उरलेलं नसतं. लहान मूल वीस हजारांपर्यंत ऐकतं. त्या ट्वीटरमधून जे सर्वात तलम काही बाहेर पडतं ते त्या घरात ऐकू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्यावरच आम्ही ओरडलो.

त्यापेक्षा वाईट म्हणजे ती नंतर कितीतरी महिने त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबायची. गाणं लागलं की यायची, आणि बाहेरूनच विचारायची, "आजोबा, मी आत येऊ?" आधी विचारत नसे. आता ज्या यंत्राने घरात गाणं आणायचं त्याने घरातल्या लहान माणसाला गाण्यापासून लांब केलं, तर त्या यंत्राचा उपयोग काय? म्हणून आम्ही जरा बसून विचार केला, की यात चुकलं कुठे.

रूसोचं 'एमिल' हे १७६२ मधलं पुस्तक आहे, शिक्षणावरचं. त्यात तो म्हणतो, मुलाने आपल्या खोलीच्या खिडकीची काच फोडली तर त्याला रागावू नका आणि लगेच काचही बसवू नका. वारा आत येऊ दे. त्या थंडीने त्याला कळेल काच कशासाठी असते. आम्ही हे वर्गात मोठ्या आवडीने शिकवायचो. पण ट्वीटर दाबला तर कुठला वारा येणार? मुलाला काहीच सोसावं लागत नाही, सोसतो तो आजोबा. आणि उलट बाजूने बघा, मुलाने विजेच्या प्लगमध्ये तार घातली तर जो परिणाम होईल तो शिकवण्याच्या पलीकडचा असतो. म्हणजे रूसोचा नियम मधल्याच पट्ट्यात चालतो. मग आम्ही वेगळी विभागणी केली, आणि आमच्या मते ती उपयोगी आहे. जे बिघडल्यावर परत आणता येत नाही, तिथे मुलाच्या किंवा जनावराच्या समजूतदारपणावर विसंबायचं नाही. तिथे भिंत, पट्टा, स्क्रू, अंतर. आणि जे बिघडलं तर दुरुस्त होतं किंवा नवं आणता येतं, तिथे कुलूप लावायचं नाही, तिथे हात शिकवायचा. आपण बहुतेक जण नेमकं उलट करतो. वायरी जमिनीवर मोकळ्या सोडतो आणि पिनेला कुलूप लावतो.

परत न आणता येण्यासारखं काय, ते आधी. यात यंत्र येत नाही, मूल येतं.

स्पीकर पडणं हा पहिला धोका. कपाटावर ठेवायचा मध्यम स्पीकरसुद्धा पाच-सात किलोचा असतो, जमिनीवर उभे राहणारे वीस किलोच्या पुढे जातात. वर्षभराचं मूल उभं राहायला जे हाताला लागेल ते धरतं, आणि उंच, अरुंद स्पीकर किंवा स्टँड त्याच्या बाजूला झुकतो. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, त्यात खाली टोकदार खिळे लावलेले, म्हणजे तर बघायलाच नको. पोकळ स्टँड असेल तर त्यात वाळू भरा. वाळू उन्हात चांगली वाळवून मगच भरा, ओल राहिली तर स्टँड आतून गंजतो. वजन खाली गेलं की तोल खाली येतो. स्पीकर आणि स्टँड यांच्यामध्ये ब्लू टॅकसारखी चिकट पुटी लावा. आणि एवढं करून थांबू नका, उंच स्पीकर मागून पट्ट्याने भिंतीला बांधा. भिंतीत ड्रिलने भोक, त्यात प्लग, स्क्रू, आणि नायलॉनचा पट्टा. "भिंत खराब होते" असं घरात म्हटलं जाईल. होऊ दे. टीव्ही, पुस्तकांची मांडणी, रेकॉर्डचं कपाट, सगळ्यांना हेच लागू. शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं, आणि त्या कपाटाच्या फळ्यांवर चढायला मुलांना फार आवडतं.

वायरींचं म्हणाल तर स्पीकरच्या वायरीचा मुख्य धोका विजेचा नसून ओढण्याचा आहे. वायर ओढली की दुसऱ्या टोकाचा स्पीकर येतो. वायर स्टँडच्या पायाला खालीच बांधून टाका, म्हणजे ओढ पायावर बसते, डोक्यावर नाही. बाकीची भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीत घाला. कोणताही इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देतो. जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड ही मात्र खरी विजेची गोष्ट. तिथे २३० व्होल्ट आहेत, तिथे फरशी पुसताना पाणी येतं, तिथे मांजर मुततं. बोर्ड वर उचलून भिंतीला ठोका, रिकाम्या सॉकेटला झडप असलेलाच बोर्ड घ्या, आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना ते बघा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसतो. संगीताच्या खोलीवर लाखभर खर्च करणारे लोक एवढ्याशा गोष्टीसाठी इलेक्ट्रिशियनला बोलावत नाहीत, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं.

ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांना एक विनंती. कंपनीने त्याबरोबर लोखंडी पिंजरा दिलेला असतो आणि शौकीन माणूस पहिलं काम काय करतो तर तो पिंजरा काढतो, का, तर व्हॉल्व्हचा केशरी उजेड दिसावा. आम्हालाही तो उजेड आवडतो. पण मोठ्या व्हॉल्व्हची काच दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापू शकते, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये बटण बंद केल्यावरही काही शे व्होल्ट काही काळ साठून राहतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर पिंजरा परत लावा. उजेड पिंजऱ्यातूनही दिसतो.

आणि एक बारीकशी वस्तू. रिमोटमधला नाण्यासारखा चपटा सेल. लहान स्पीकर, डॅक, साउंडबार यांच्या रिमोटमध्ये तो असतो. सर्वांत धोकादायक तो साधारण वीस मिलिमीटरचा लिथियम सेल. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. आंबट पदार्थाने नव्हे, सेलच्या विजेमुळे तिथे जो क्षार तयार होतो त्याने. मूल सुरुवातीला अगदी ठीक दिसतं, हे सर्वात फसवं. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि सेल गिळल्याचा संशय आहे असं दारातच सांगा. ज्या रिमोटच्या झाकणाला स्क्रू नाही तो आम्ही चिकटपट्टीने गुंडाळून टाकलेला आहे. दिसतो घाणेरडा. राहू दे.

मुलाचे कान हीसुद्धा परत न मिळणारी वस्तू. आपण दोन मीटरवर बसून ऐकतो तेव्हा आवाज बरोबर वाटतो. मूल मात्र स्पीकरला कान लावून उभं राहतं. अंतर निम्मं झालं की आवाज मोकळ्या जागेत सहा डेसिबलने वाढतो. दोन मीटरचं एक, एकाचं अर्धा, अर्ध्याचं पाव, म्हणजे पाव मीटरवर अठरा डेसिबल जास्त. खोलीत भिंतींवरून परावर्तन होतं म्हणून फरक काहीसा कमी पडतो, पण दिशा तीच. कानात घालून ऐकायच्या उपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना आठवड्याला चाळीस तास ऐंशी डेसिबल आणि मुलांना पंचाहत्तर ही मर्यादा सुचवलेली आहे. पाच डेसिबलचाच फरक वाटतो, पण ऊर्जेच्या हिशेबाने ती तिप्पट होते. तेव्हा मूल खोलीत असेल तर आवाज त्याच्या कानाच्या जागेवरून ठरवा, आपल्या खुर्चीवरून नव्हे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कमाल आवाज बांधून ठेवायची सोय असेल तर ती आजच करून टाका. त्याने ट्वीटरही वाचतो. मुलाने बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं की अ‍ॅम्प्लिफायरचा दम सुटतो, आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर जळतात.

आता जनावरं.

मांजराचा प्रश्न असा की मांजराला शिक्षा कळत नाही, पण जागा कळते. आमची मनी स्पीकरची जाळी ओरबाडते म्हणून आम्ही तिला हाकलायचो, आणि ती आम्ही नसताना ओरबाडायची. एवढंच शिकली. मांजर नखं काढतं ते खोडसाळपणाने नव्हे. जुनं आवरण काढायला, अंग ताणायला, आणि ही जागा माझी आहे असं सांगायला. त्याला उभी, न हलणारी, खरखरीत वस्तू लागते. स्पीकरची कापडी जाळी या तिन्ही अटी पुऱ्या करते. तेव्हा तिच्याहून चांगली वस्तू शेजारीच ठेवायची. आम्ही काथ्याचं पायपुसणं एका फळीला खिळ्यांनी ठोकलं आणि ती फळी स्पीकरच्या अगदी शेजारी भिंतीला पक्की केली. बाल्कनीत नव्हे, बरं का. बरेच लोक तिथे चुकतात. मांजराला ओरबाडायचं असतं ते जिथे माणसं बसतात तिथे. जाळीवर काही दिवस दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे लावले, पंजाला चिकट लागलेलं मांजराला आवडत नाही. तीन आठवड्यांत मनी फळीवर गेली. फळी दिसायला अत्यंत ओबडधोबड आहे आणि पाहुणे विचारतात.

अ‍ॅम्प्लिफायरवर झोपणं ही दुसरी सवय. ऊब असते ना. पण ती ऊब बाहेर जाण्यासाठी वर खाचा असतात, आणि मांजर नेमकं त्या खाचांवर बसतं. केस आत जातात, हवा अडते, आणि एखाद्या दिवशी ते तिथेच मुतलं तर आतला बोर्ड कुजतो, दुरुस्तीवाला हात लावत नाही. यावर आपल्याकडचा पारंपरिक उपाय म्हणजे क्रोशाचं किंवा भरतकामाचं कव्हर. ते यंत्र बंद असताना जरूर घाला. चालू असताना घातलं तर मांजराचं काम तुम्हीच केलंत. आम्ही वरच्या फळीच्या थोडं खाली, कपाटाच्या दोन बाजूंना अडकवून, तारेची जाळी लावली, अ‍ॅम्प्लिफायरला न टेकणारी. हवा जाते, मांजराला बसवत नाही. आणि शेजारच्या कपाटावर, उंच, जुन्या गोधडीचं खोकं ठेवलं. मांजर उंचावरची जागा खालच्या उबेपेक्षा पसंत करतं असा आमच्यापुरता अनुभव आहे.

रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडं ठेवून ऐकावं की बंद, यावर शौकिनांमध्ये वाद आहेत. मांजराच्या घरात वाद नाही. बंद. फिरणाऱ्या तबकडीकडे मांजर ज्या नजरेने बघतं ती नजर आम्ही ओळखतो. प्लेअर भिंतीत बसवलेल्या फळीवर ठेवला तर उड्यांचे धक्केही लागत नाहीत, आणि फळी प्लेअरहून दोन-तीन इंचच मोठी ठेवली की उडी मारून उतरायला जागाच राहत नाही. पिनेला केस चिकटले तर ब्रश मागून पुढे फिरवायचा, आडवा कधीही नाही. फुंकर मारू नका, थुंकी उडते.

कुत्र्याबद्दल थोडक्यात. पिल्लू साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलत असतं आणि त्या काळात ते चावणारच. तेवढे महिने वायरी, रिमोट, हेडफोन त्याच्या तोंडाच्या वर ठेवा आणि चावायला त्याचं काहीतरी द्या. स्पीकरची वायर चावून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो, म्हणून चावलेली वायर चिकटपट्टीने जोडत बसू नका, बदला. आणि पिल्लू विजेची वायर चावताना दिसलं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिल्लाला हात लावा. घाईत आपण क्रम उलटा करतो.

पाली आणि झुरळं पाळीव नाहीत, पण अ‍ॅम्प्लिफायर त्यांनाही आवडतो. त्यांच्यावर आज बोलत नाही.

राहिला तो मधला पट्टा. पिन, रेकॉर्ड, बटणं. इथे आम्ही तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी काचेचं दार मान्य करतो. मागून हवा खेळती हवी एवढंच. त्यानंतर दार उघडावं. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला, पण त्याच्या खूप आधी गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरला त्या वाटेने काम सुरू केलं होतं. ताराबाई पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. माँटेसरींच्या बालगृहात मुलांना खऱ्या काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू हाताळायला देत. का? न फुटणारी वस्तू हाताला काहीच शिकवत नाही म्हणून. पडली तरी चालते असं कळलं की हात सैल सुटतो. फुटते असं कळलं की हात हळू होतो.

आमची नात साडेचार वर्षांची झाली तेव्हा आम्ही हे करून पाहिलं, जरा भीत भीत. आधी एक भंगारातली, चरे पडलेली एलपी तिला दिली, कडांनी धरायला. मधल्या भागाला बोट लागलं की तिरप्या उजेडात ठसा दिसतो, तो तिलाच बघायला दिला. मग बहिर्गोल भिंगातून पिन दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही तर डासाच्या तोंडासारखी आहे." इतकं अचूक वर्णन आम्हाला सुचलं नव्हतं. पिन हाताने टेकवायची नाही हा नियम तिला आणि आम्हालाही. बाजूला एक लहान दांडी असते, ती खाली केली की भुजा आपोआप, तेलात बुडल्यासारखी सावकाश खाली येते. ती दांडी मुलाच्या हातात द्यायला अगदी सुरक्षित असते. आवाज आधी शून्यावर, मग दांडी, मग आवाज. हा क्रम तिने आम्हाला दोनदा आठवण करून दिलेला आहे.

तिच्या आवडीची बालगीतांची एक लहान ईपी आहे, पंचेचाळीसच्या वेगाची. एकदा ती चुकून तेहतीसवर लागली आणि गाणारी बाई एकदम राक्षस झाली. नात घाबरून आमच्याकडे बघायला लागली, आपण पुन्हा काहीतरी मोडलं असं तिला वाटलं. आम्ही वेगाची कळ दाखवली. तिने ती फिरवली, राक्षसाची पुन्हा बाई झाली. मग तो दिवस तेवढ्यातच गेला, बाई, राक्षस, बाई, राक्षस. भीमसेन जोशींनाही तिने पंचेचाळीसवर लावून पाहिलं. आमच्या सौ. हसून हसून बेजार. रेकॉर्डला याने काही होत नाही.

आता त्या गृहस्थांकडे येतो. ते आज आलेले आहेत, मागे बसलेत. तुम्ही सांगितलं त्यावरून तुमचं कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं दिसतं. तसं असेल तर अख्खं कार्ट्रिज बदलायची गरज नाही, पुढची पिन तेवढी ओढून निघते आणि नवी तशीच सरकवून बसते, पाच मिनिटांचं काम. मूव्हिंग कॉइल असतं तर महाग पडलं असतं. चूक कोणाची ते आम्ही काही ठरवत नाही, पण प्लेअर टीपॉयवर ठेवला होता असं तुम्ही म्हणाला होतात. तो आधी भिंतीवरच्या फळीवर न्या. आणि नवी पिन आली की बसवताना नातवाला शेजारी बसवा, हातात भिंग द्या. मोडलेली पिनसुद्धा टाकू नका, तीही त्याला बघू दे.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. पण व्हॉल्व्ह चांगले की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न सोडून.